रविवारची साक्ष

व्हर्डेल मॅबरीने उभं आयुष्य दुसऱ्यांच्या चादरी धुण्यात घालवलं. ओहायोतल्या त्या नदीकाठच्या गावातल्या इस्पितळाच्या धुलाईघरात तिचे गुडघे गेले, आणि मग सरकारी वसाहतीत तळमजल्यावरचं घर मिळालं. सोबत थोरली बहीण ओरा. साखरेने ओराचे डोळे नेले होते, जीभ मात्र शाबूत ठेवली होती.

व्हर्डेलचा एकुलता एक मुलगा, क्लेटन, गर्द विकल्याबद्दल तुरुंगात होता. आता त्याला पॅरोलवर मुदतीआधी सोडणार होते. पण राहायला पक्का पत्ता असेल तरच सुटका, आणि तो पत्ता अधिकारी स्वतः येऊन बघणार. व्हर्डेलने आपल्याच घराचा पत्ता दिला.

वसाहतीचा नियम उलटा होता. असल्या गुन्ह्यातला माणूस घरात ठेवला, तर सगळं घर बाहेर. नियम सगळ्यांना ठाऊक होता, आणि कोणाचा मुलगा कोणाच्या सोफ्यावर झोपतो तेही. पॅरोलची कचेरी आणि वसाहतीची कचेरी एकाच रस्त्यावर होत्या, पण एकमेकींशी बोलत नसत. त्या अबोल्यावर कितीतरी घरं चालली होती.

रविवारी चर्चला निघताना ओरा म्हणाली, "आज बूड बाकाला चिकटवून ठेव."

"देवाने दिलं ते लपवून ठेवू?"

"देवाला पत्ता माहीत आहे. बाकीच्यांना कशाला सांगतेस?"

त्यांच्या चर्चमध्ये प्रवचनाआधी साक्ष द्यायची रीत होती. ज्याला काही मिळालं, त्याने उभं राहून सांगायचं. घेऊन गप्प बसणं म्हणजे कृतघ्नपणा. इतकी वर्षं व्हर्डेल उठून मुलासाठी प्रार्थना मागत आली होती, आणि ही सगळी माणसं तिच्यासाठी गुडघे टेकत आली होती. आता गाणं सुरू झालं तशा माना तिच्याकडे वळल्या. "सांग, सिस्टर, सांग."

नुसतं 'देवाची कृपा' म्हणून बसायचं, असं ठरवूनच ती उठली.

"माझा क्ले शुक्रवारी घरी येतोय," तिच्या तोंडून निघून गेलं. "माझ्या सोफ्यावर झोपेल. माझ्या हातचं खाईल."

चर्च टाळ्यांनी दणाणलं. तिसऱ्या बाकावर इमोजीन टॉलिव्हर हातातला पंखा तसाच धरून बसली होती. वसाहतीची व्यवस्थापक तीच. आणि तिच्या मागच्या बाकावर होती डार्लीन. तिच्याकडे असाच सुटून आलेला नातू राहतो म्हणून गेल्या हिवाळ्यात इमोजीननेच तिला घराबाहेर काढलं होतं.

सोमवारी इमोजीन लिंबाचा केक घेऊन दारात आली.

"माझ्या कानावर पडलं नसतं तर बरं झालं असतं गं."

"मग पडलं नाही असं समज."

"डार्लीनच्या पडलंय. सकाळी कचेरी उघडायच्या आधी येऊन उभी. म्हणाली, माझ्या नातवाच्या वेळी नियम होता, तो आता कुठे गेला?"

डार्लीनचं सामान फुटपाथवर आलं, त्या दिवशी व्हर्डेलनेही खिडकीचा पडदा ओढूनच घेतला होता.

"तो इथे आला, तर मला तुम्हाला काढावं लागेल," इमोजीन म्हणाली. "तू कोणाकडेही राहशील. ओराला कुठे नेशील? हमरस्त्यावरच्या त्या वृद्धाश्रमात?"

"मी जाईन की," आतून ओरा म्हणाली. "तिथला अंधार काही वेगळा नसेल."

"तू गप्प बस," व्हर्डेल म्हणाली. त्या आश्रमातल्या चादरी तिच्याच धुलाईघरात यायच्या. कशा यायच्या, ते तिने ओराला कधी सांगितलं नव्हतं.

दोन दिवसांनी पॅरोल अधिकारी हॉलिस आला. सोफ्यावर इस्त्रीची चादर घातलेली होती. ती काढायला व्हर्डेलचा हात धजला नव्हता.

"छान. इथेच झोपणार ना क्लेटन?"

"नाही. इथे जागा नाही."

हॉलिसने सोफ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. असं त्याने बऱ्याच घरांत ऐकलं असावं.

"पत्ता नाही तर सुटका नाही, मिसेस मॅबरी. सरकारी निवाऱ्यात खाट रिकामी होईपर्यंत आतच राहावं लागेल."

"कधी होईल?"

"हिवाळ्यानंतर विचारा."

शुक्रवारी क्लेचा फोन आला.

"ममा, चर्चमध्ये उभी राहिलीस ना?"

"हो."

"निळा झगा घातला होतास?"

"हो रे."

"तो घातला की तुला बसवतच नाही." तो हसला. ते हसणं फार टिकलं नाही. "मी माझा रेडिओ देऊन टाकला. बूटसुद्धा. घरी जाणाऱ्याने वाटून जायचं असतं इथे."

"मग परत माग."

"परत मागत नसतात, ममा."

त्या सोफ्यावर आता ओरा दुपारची पडते.

पुढच्या रविवारी पुन्हा गाणं सुरू झालं. मुलगा आला की काय, म्हणून चारदोन माना वळल्या. व्हर्डेलला धरून ठेवायला ओराने चाचपडत तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. धरायची काही गरज नव्हती.