ओवीचं वाक्य परत द्या

अन्याय झालाय तो ओवीवर. वय साडेचार. गेल्या मंगळवारी, मधली सुट्टी संपल्या संपल्या, लोणावळ्यातल्या तिच्या शाळेत बाईंनी गॅदरिंगच्या नाटकातलं तिचं एकुलतं एक वाक्य काढून घेतलं. मी तिची आत्या. आमच्या गावी, टाकव्यात, मागे राहिलेल्यांसाठी आणि आमच्यासारखं गाव सोडून आलेल्यांसाठी हे लिहितेय.

टाकवे बुद्रुक सोडलं ते दादाला, ओवीच्या बापाला, इथल्या रिसॉर्टात कायमची नोकरी लागली म्हणून. टेम्पोत गाद्या, मिक्सर, ओवीची तीनचाकी. गोठ्यापाशी आबा, म्हणजे माझे वडील, उभे. रडले नाहीत. टेम्पो हलल्यावर एवढंच ओरडले, "पोरगी बोलती र्‍हाऊ द्या रं! बाकी काय बी करा."

पोरगी तर थांबतच नव्हती. "आत्ये, आपली म्हस मागनं येनार हाय का?" कान्ह्याचं रेल्वे फाटक बंद होतं, तर शेजारच्या मोटरसायकलवाल्याला विचारून झालं, "भाऊ, तुमी कुटं निगालाय?"

आम्ही राहतो चिक्कीच्या दुकानांमागच्या गल्लीत. बघता बघता तिच्या तोंडात अख्खा बाजार आला. दिवाळीत गावी गेलो तर ही कडब्याची पेंढी धरून म्हशीपुढे उभी, पक्का दुकानदाराचा हेल काढून: "आइए भाभी, टेस्ट करो!" आबा खाटेवरून पडायचे बाकी. "अगं, ती काय गिर्‍हाईक हाय व्हय?" "आबा, पन लय क्यूट हाय ना?" पोरं एक बोली टाकून दुसरी घेत नाहीत, सगळ्या एकदम वापरतात. टाकायला आपण शिकवतो.

नाटक जंगल वाचवायचं. लाकूडतोड्या येतो, झाडं त्याला अडवतात. ओवी झाड. वाक्य होतं, "आम्ही कुठेही जाणार नाही, आम्ही इथेच राहणार!" ओवी जिन्यात, मोरीत, जेवताना हात फैलावून गर्जायची, "आमी कुटंबी जानार न्हाई, आमी हितंच र्‍हानार!" दोनदा वरणाची वाटी उडाली. मंगळवारी तालमीत पोरं हसली. बाईंनी वाक्य शेजारच्या झाडाला दिलं आणि हिला सांगितलं, तू नुसत्या फांद्या हलव.

दुसर्‍या दिवशी मी शाळेत गेले. का, म्हणून विचारलं.

"अहो, कार्यक्रमात हशा होईल. तिलाच वाईट वाटेल."

"बाई, तुमचं माहेर आमच्याच बाजूचं, उर्सेच ना?"

त्यांनी दाराकडे बघितलं. आवाज उतरला. "म्हणूनच सांगते. कॉलेजात मला पोरी लय..." थांबल्या. "खूप हसायच्या. मी वर्गात तोंड उघडायचंच सोडलं होतं."

मला वाईट वाटलं, आणि संतापही आला. हसणार्‍यांना गप्प करायचं सोडून बोलणारीला गप्प करायचं, ही कसली काळजी?

त्याच संध्याकाळी आबांचा व्हिडिओ कॉल आला. "ओवे, काय म्हनतंय तुजं झाड?" ओवीनं इकडेतिकडे बघितलं. मग स्क्रीनला तोंड लावून, हळूच, "आबा, 'न्हाई' म्हणायचं नसतं. हसतात."

आबा नुसतं "बरं," म्हणाले. रोजच्यासारखं म्हशीचं काही सांगितलं नाही. तेव्हापासून आमचा फोन गेला की रेंज नाही म्हणून आईच्या हातात देतात. आपली बोली पोरीला लागायला नको, असं त्यांनी मनात घेतलंय. शाळेत एक गप्प, गावात दुसरे.

पूर्वी कोणी विचारलं असतं तर घर म्हणजे टाकव्याचा गोठा, असं मी सांगितलं असतं. आता सांगते: तोंड उघडण्याआधी ओवीला इकडेतिकडे बघावं लागत नाही, ते घर. तशी जागा लोणावळ्यात अजून झालेली नाही, आणि फोनवर होती ती जायला आलीय. आबा, तुमी पयला फोन घ्या.

शनिवारी सकाळी पालकसभा आहे, गॅदरिंग त्यानंतर. टाकवे, कान्हे, उर्से इथून आलेल्यांनो, तुमचीही पोरं त्याच वर्गात आहेत. मंगळवारी हसणार्‍यांत तीही होती. व्हॉट्सअ‍ॅपवर अंगठा दाखवून भागणार नाही. सभेला या. मागच्या बाकावर लपू नका. घरात बोलता तसंच उभं राहून बोला, आणि मागा: ओवीचं वाक्य ओवीला परत द्या. ती म्हणते तसं.