कोळशावरचा हुरडा

नेवाशाच्या अलीकडे, श्रीरामपूरकडून पाथर्डीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून कानिफनाथ दरंदल्याचं रान होतं. पाच गावांत त्याचं नाव होतं ते एकाच गोष्टीमुळे. तो हुरडा कोळशावर भाजायचा.

तो मुलूख हुरडा गोवऱ्यांवर भाजणारा. खड्डा करायचा, गोवऱ्या पेटवायच्या, निखाऱ्यांचा आर पडला की ज्वारीची हिरवी कणसं त्यात खुपसायची. झाली आगटी. कानिफला ते पसंत नव्हतं. दिवाळी झाली की तो बाभळीच्या फांद्या तोडायचा, खड्ड्यात रचून पेटवायचा आणि ऐन वेळी वरून माती लोटून जाळ कोंडायचा. तीन दिवसांनी उकरलं की खणखणीत कोळसा निघायचा.

शेजारच्या बांधाचा आबासाहेब गोवरीवाला. दोघांचं वीस वर्षांचं भांडण.

"कोळशावर लोहारानं फाळ शेकावा, कान्या. गोवरीचा वास लागंल तवा तो हुरडा."

"तुला शेणाचा वास लागतो, आबा. मग गोठ्यातच बसून खात जा की."

पण एका बाबतीत दोघांचं एकमत होतं. पहिला हात वाटसरूचा. आगटी तयार झाली की कानिफ बांधावर उभा राहून रस्त्यावरच्या माणसाला हाक मारायचा. ओळख नको, जात नको, गाव नको. पहिलं गरम कणीस तळहातांवर चोळायचं, फुंकर मारायची आणि ते कोवळे दाणे त्या अनोळखी ओंजळीत ओतायचे. त्याने तोंडात टाकले की मग घरच्यांनी खायचं. त्याच्या बापाने हे केलं होतं. बाप म्हणायचा, ज्या आगटीवर परका माणूस बसला नाही, ती नुसती राख.

बहात्तर साली पाऊस झाला नाही. रब्बी पेरली ती मातीतच वाळली. रस्त्यावर खडी फोडायचं दुष्काळी काम निघालं. कानिफने एक बैल घोडेगावच्या बाजारात विकला, एक ठेवला. विहिरीच्या तळाला थोडं पाणी होतं. तेवढ्यावर विहिरीजवळ दहा गुंठे गुळभेंडी ज्वारी उभी राहिली. पंचक्रोशीत तेवढंच हिरवं.

त्याची बायको राहीबाई त्या दहा गुंठ्यांत पोरासारखी राबली. तिने आधीच सांगितलं, "अवो, औंदा हुरडा न्हाई. हे पिकू द्या. वर्साची भाकर हाय ही."

कानिफ दोन दिवस त्या ज्वारीभोवती फिरला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "रस्त्याकडच्या चार ओळी मला दे. बाकीच्याला हात लावनार न्हाई."

"लावला तर?"

"तर तुझ्या हातचं खानार न्हाई."

राहीबाईने चार ओळी दिल्या.

त्या चार ओळींवर त्याने मार्गशीर्ष महिना काढला. रोज ज्वारीची पाच-सहा ताटं कापायची, कणसं भाजायची, खडीवरून परतणाऱ्या कुणाला तरी हाक मारायची. घासभर मिळायचं एकेकाला. आबासाहेबाच्या रानात काहीच नव्हतं. तोही येऊन बसायचा आणि फुकटचं खाऊन कोळशाला नावं ठेवायचा.

कापलेल्या ताटांच्या बुंध्यांना पाणी मिळत होतं. त्यांना फुटवे आले. वीतभर, मग हातभर. कोवळे, हिरवेगार. कानिफ आपल्या बैलाला तिकडे फिरकू देत नसे. दुष्काळातले ज्वारीचे फुटवे जनावराला विषासारखे बाधतात, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

संक्रांतीला चार दिवस होते. ऊन कलतं झालं होतं. चौथ्या ओळीतली शेवटची कणसं आरावर होती. रस्त्याने एक बैलगाडी आली. गाडीत राहुटीचं पाल, भांडी, दोन कोयते. गाडीवान पायी चालत होता, बाई मागून. बैलांच्या बरगड्या लांबूनही मोजता आल्या असत्या.

"ओ पाव्हनं!" कानिफने हाक मारली. "जरा टेका. हुरडा हाय."

गाडी थांबली. माणूस बघतच राहिला. "आमाला म्हनताय?"

"मंग काय तुमच्या बैलांला?" आबासाहेब म्हणाला. "या, या. हा बाबा एकट्याला खाऊ देत न्हाई मला."

माणसाचं नाव भीमा. पाथर्डीच्या डोंगराकडचा. बायको कडूबाई. श्रीरामपूरकडे ऊस तोडायला गेले होते. ऊसच नव्हता, म्हणून कारखान्याचा पट्टा लवकर पडला, हंगाम संपला. आता घरी चालले होते. घरी काय होतं, तर काही नाही. बैलजोडी होती म्हणून पुढच्या साली ऊसतोडीचा मुकादम पुन्हा दारात येईल, एवढंच.

कानिफने पहिलं कणीस चोळलं. भीमाने दाणे तोंडात टाकले आणि डोळे मिटले.

"कशावर भाजलं हो हे?"

"ऐक आबा," कानिफ म्हणाला. "पाथर्डीचा मानूस इचारतोय."

"भुकेल्याला काय," आबासाहेब म्हणाला. "त्याला चूल बी गोड लागंल."

कडूबाई पदराआड हसली. राहीबाईने तिच्या ओंजळीत मीठ-मिरचीची चिमूट ठेवली. दोघी लगेच बोलायला लागल्या, कुठली, माहेर कुठलं, पोरं किती. कडूबाई म्हणाली, "बाई, दोन महिन्यांत कुनी बस म्हनलं न्हाई आमाला."

कानिफने ते ऐकलं. त्याची नजर बैलांवर गेली. पांढरा बैल जुवाखालूनच मान लांब करून मातीतला वाळका पाला हुंगत होता.

"जनावरं कधी जेवली?"

"परवा उसाचं वाढं संपलं, तात्या."

जनावर दारात आलं तर तेही पाहुणंच. आपल्या बैलाचा थोडा कडबा घरी होता, पण घर अर्ध्या कोसावर. ज्वारी समोर उभी होती, पण ती राहीबाईची. तिला शब्द दिलेला. कानिफने विळा उचलला. एक डोळा आरावर होता, कणसं करपतील म्हणून. आपल्या चार ओळींत शिरला आणि हाताला लागलं ते भराभर कापलं. भारा झाला. पांढऱ्यापुढे टाकला, आणखी कापायला वळला, तेवढ्यात आबासाहेब ओरडला, "अरं, जळलं, जळलं!" कानिफ विळा टाकून आगटीकडे धावला. कणसं वाचली.

जोडीतल्या तांबड्या बैलापुढे काही पडलं नाही. तेवढ्यानेच तो वाचला.

पांढऱ्याने अधाशासारखं खाल्लं. कानिफ कणीस चोळत होता. बैलाचा श्वास ऐकून त्याने मान वर केली. बैलाची मान ताणलेली, तोंडाला फेस, पाय लटपटत होते. कानिफने बैलाच्या पुढ्यात उरलेलं पाहिलं. हातातलं कणीस खाली पडलं.

"फुटवं," तो म्हणाला. "राहे, मी फुटवं घातलं."

भीमाने धावत जाऊन जू सोडलं. बैल गुडघ्यांवर आला. आबासाहेब उतरत्या वयातही घरापर्यंत पळत गेला आणि गूळ घेऊन आला. गुळाचं पाणी बांबूच्या नळकांड्याने घशात ओतलं. अर्धं बाहेर आलं. भीमा बैलाचं डोकं मांडीवर घेऊन त्याला नावाने हाका मारत होता. दिवस मावळायच्या आत बैल गेला.

कुणी कानिफला काही बोललं नाही. ते त्याला सोसेना.

"मला शिव्या दे," तो भीमाला म्हणाला. "मार मला."

"तुमी काय मुद्दाम केलं, तात्या?" भीमा म्हणाला. त्याचा हात अजून बैलाच्या शिंगावर होता.

सकाळी कानिफने आपला बैल आणला आणि कासरा भीमाच्या हातात दिला. राहीबाई आडवी आली नाही. त्या बैलावाचून मोट चालणार नव्हती, विहिरीचं पाणी निघणार नव्हतं आणि दहा गुंठे वाळणार होते. दोघांनाही ते माहीत होतं.

भीमाने बैलाकडे पाहिलं. मग ज्वारीकडे पाहिलं. कासरा परत दिला.

"तुमचाबी एकच हाय. ह्यो नेला तर तुमी मेलाव. मग मी कुठं फेडू हे?"

त्याने गाडी बाभळीखाली लावली. पाल आणि भांडी तांबड्याच्या पाठीवर बांधली. निघाले. कानिफ बैल घेऊन मागे चालू लागला. खडीवाले मान वर करून बघत होते. पुलापाशी त्याने त्यांना गाठलं आणि भर रस्त्यात भीमाचे पाय धरले.

"न्ह्या. देवाची आन हाय. न्ह्या."

भीमा पाय सोडवत राहिला. कडूबाई पुढे आली. ती रागावली नव्हती. आजाऱ्याशी बोलावं तसं बोलली.

"दादा, उठा. तुमचं मन लई चांगलं हाय. पर आता रस्त्यावरच्या मानसाला हाका मारू नगा. आमी चाललो हुतो आमच्या वाटनं."

कानिफ उठला. ती दोघं आणि तो एक बैल वळणापर्यंत दिसत होते. त्याने हाक मारली नाही.

तो रानात परतला तेव्हा आबासाहेब आगटीपाशी बसला होता. पाटीभर गोवऱ्या आणल्या होत्या त्याने. का आणल्या, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"कान्या," तो म्हणाला. "बस जरा."

कानिफने कुदळ घेतली. चारी ओळींतले बुंधे मुळासकट उपटले आणि आगटीच्या खड्ड्यात टाकले. कोळशाची पाटी त्यावर पालथी केली. मग माती ओढायला लागला.

रस्त्याने एक म्हातारा चालला होता, खांद्यावर बोचकं. इथे कुणीतरी बोलावतं हे त्याने ऐकलं असावं. बांधापाशी तो रेंगाळला. खोकला. आबासाहेबाने कानिफकडे पाहिलं. कानिफची मान खाली होती. म्हातारा थोडा वेळ उभा राहिला, मग पुढे गेला.

भीमा गाडी न्यायला आला नाही. कानिफ चैत्रात पाथर्डीकडे चार गावं फिरून आला. तीन भीमा भेटले, तिघांतला एकही तो नव्हता.

त्या साली राहीबाईला दीड पोतं ज्वारी झाली. वर्षभर पुरली. कानिफ जेवायला बसला की ती समोर भाकरी ठेवायची. तिच्या ज्वारीला हात न लावायचा शब्द त्याने पाळला होता. तो मान वर न करता खायचा आणि उठून जायचा.