मशीनला लावलेला पंखा

इंजिन तापलं की काय करायचं, हे रत्नागिरीत माझ्याइतकं कोणाला कळत नाही. दोन रिक्षांची इंजिनं मी स्वतःच्या हाताने जाळलीत.

आता रिक्षा नाही, गुडघे पण नाहीत, म्हणून घरीच असतो. मुलगी पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करते. नोकरी नवी, अजून पक्की व्हायची होती. कंपनीने तिला एक भलंमोठं मशीन पाठवलं. त्यात बत्तीस डोकी, सगळी एकदम चालतात. आमच्या घरात तिघांत मिळून एक, आणि तेही माझं नाही. मी विचारलं, "एवढ्यांना आवरतं कोण गो?"

"कर्नेल, मशीनच्या आतला मुख्य प्रोग्राम," ती म्हणाली. "जेटीवर मुकादम असतो ना, तसा. कोणी कुठली टोपली उचलायची ते तो ठरवतो. पण सगळ्यांना एकच वजनकाटा दिला तर बाकीचे रांगेत उभे. मी प्रत्येकाला आपापला काटा दिलाय. आता जुना मुकादम आणि माझा नवा, दोघांना तेच काम द्यायचं आणि कोण लवकर उरकतो ते मोजायचं."

नवा पुढे गेला की नोकरी पक्की, एवढं मला कळलं.

मे महिना होता. तिने मशीन चालू करून दिलं आणि आईला घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे निघाली. "आधी जुना चालेल. स्क्रीन हिरवी झाली की माझा. बाबा, फक्त मांजर आत येऊ देऊ नका. आणि कशाला हात लावू नका."

हात लावलाच नाही. पंखा मी पायाने फिरवला.

जुना चालला होता तोवर पंखा माझ्या अंगावर होता. जुना माझा कोण लागतो? स्क्रीन हिरवी झाली आणि मला राहवेना. मशीन घाटातल्या रिक्षेसारखं धापा टाकत होतं. पंखा सगळा त्याच्याकडे वळवला आणि स्वतः जमिनीवर घामात पडून राहिलो. बापाने आणखी काय करायचं?

नवा मुकादम झकास पुढे आला. पोरगी नाचली. हेच काम करणारे लोक जगभर आहेत म्हणे, त्यांना तिने लिहून कळवलं. मी आळीत आणि रिक्षा स्टँडवर पेढे वाटले.

मग उत्तरं यायला लागली. लोकांनी आपापल्या मशीनवर करून बघितलं, काडीचा फरक नाही. परदेशातल्या एकाने सगळ्यांसमोर लिहिलं, "आधी मोजायला शिका." तिच्या साहेबाने व्हिडिओवर विचारलं, "मोजलंस तरी का? की मनाने आकडे टाकलेस?" मागे मी बनियनवर चहा पीत उभा. साहेबाला वाटलं असेल, हिच्याकडून काय होणार!

तिने मला बाहेर काढून परत मोजलं. जुना आणि नवा सारखेच. मग मशीनमध्ये राहिलेली तापाची नोंद बघितली. त्या दिवशी जुन्याच्या वेळी ते तापलेलं, नव्याच्या वेळी गार. तापलं की ते आपोआप हळू चालतं म्हणे. ती स्वयंपाकघरात आली. "बाबा, त्या दिवशी खोलीत काय केलंत?"

मी छाती फुगवली. "पंखा लावला! फक्त तुझ्या वेळी. मी भिजलो, पण तुझ्या मुकादमाला घाम येऊ दिला नाही."

मला वाटलं, आता गळ्यात पडेल. ती होती तिथेच खाली बसली. बायको म्हणाली, "पोरीच्या नोकरीला वारा घातलात. उडाली ती."

तिला सगळ्या जगाला लिहावं लागलं, की वडिलांनी पंखा लावला होता. जग हसलं. कंपनीने काढलं नाही, पण पक्की पण केली नाही. मोजायचं काम दुसऱ्याला दिलं. स्टँडवर अजून विचारतात, "काय रे, आज कोणाला वारा घालतोयस?" एकाने पेढ्याचा रिकामा खोका आणून दिला, "हा घे परत" म्हणून.

पोरगी कितीतरी दिवस खोलीचं दार लावून काम करायची. शेवटी मीच गेलो. म्हटलं, "पुढच्या वेळी दोघांनाही पंखा लावतो. मग झाला ना न्याय?"

तिने स्क्रीनवरून मान पण वळवली नाही.

"बाबा, गेल्या वर्षी गणपतीनंतर तुम्ही आत्याकडे मुंबईला गेला होतात ना, तेव्हा आई आणि मी घर मोजलंय. तुम्ही असताना आणि नसताना. नसताना चांगलं चालतं."