चोवीस सासरे

माझ्या बायकोच्या मामांनी मला पहिल्यांदा पाहिलं ते पेल्यातून. लग्न ठरल्यावर भेटायला गेलो, तर या गृहस्थांनी काचेचा एक जाडजूड पेला उचलला, डोळ्याला लावला आणि माझ्यावर रोखला. पेल्याच्या बुडातून तो डोळा मला परातीएवढा दिसत होता. त्यानं माझी सकाळची न्याहारी, शाळेतले गणिताचे गुण आणि मनातले सगळे हलकट विचार एकामागून एक तपासले. अर्ध्या तासानं (बायको म्हणते अर्धं मिनिट, पण माझी दाढी वाढल्याचं मला पक्कं आठवतं) मामा भाचीला म्हणाले, "आत एक बुडबुडा आहे. पण तडा नाही. चालेल."

मामा काच कापायचे. खिडकीची नव्हे, नक्षीची. फिरत्या चाकावर काचेचं भांडं टेकवून त्याला पैलू पाडायचे. आधी लोखंडी चाक, मग दगडी, शेवटी चकाकी आणायला लाकडी. त्यांच्या घरी पाण्याचे पेले, दाराच्या मुठी, दिव्याचे लोलक, सगळं पैलूंचं. पेला इतका जड, की पाणी पिणं हा व्यायाम व्हायचा. सकाळी ऊन आत आलं की भिंतीवर, उशीवर, मामींच्या नाकावर सात रंगांचे तुकडे पडत. मामी तेव्हा नेमक्या मिरच्या निवडत असत. "हिरवी कुठली नि लाल कुठली, कळेल तर शपथ!" असं रोज कुरकुरत, पण पडदा काही ओढत नसत.

तर अशा माणसाला माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्यानं, दुखावलं होतं. मामांनी चार महिने खपून त्यांना एक फुलदाणी कापून दिली. सासरे नळांच्या गोदामाचे व्यवस्थापक. त्यांनी ती दोन्ही हातांत फिरवली आणि वीस पाहुण्यांसमोर म्हणाले, "छान आहे. साच्यातली दिसते."

साच्यातली! साच्यात काच ओतली की दिवसाला शंभर फुलदाण्या पडतात. तिथं हात नाही, नजर नाही. एखाद्या आईला 'मूल दुकानातून आणलंत का?' असं विचारण्यासारखं ते होतं. मामा त्या दिवशी काही बोलले नाहीत. नऊ वर्षं काही बोलले नाहीत. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी मला आपल्या जुन्या कारखान्यात बोलावून घेतलं. तिथला एक चाकाचा कोपरा त्यांनी मागून घेतला होता.

"बस समोर," मामा म्हणाले. "तुझं डोकं भावोजींच्याच मापाचं आहे. रिकामंही तेवढंच."

मधे एक मोठं भांडं होतं, घमेल्याएवढं. मामा आत डोकं घालून, आतून बघत, बाहेरच्या बाजूला पैलू पाडत होते; चाक काचेला कुठं टेकलंय ते आतूनच दिसतं. चोवीस खोलगट गोल, वाटीसारखे. त्यातून समोरचा माणूस चोवीस वेळा दिसतो, प्रत्येक वेळी वाटाण्याएवढा.

"त्यांच्याच घरात, त्यांच्याच टेबलावर, पाहुण्यांच्या देखत मी त्यांना वाटाणा करणार," मामा म्हणाले. "चोवीस वाटाणे. मग बघू साच्यातलं कोण ते."

"आणि ही कड अशी खरखरीत का?"

"ती घासायची नाही. ती राखीव आहे."

सासऱ्यांच्या वाढदिवसाला दुपारी भांडं टेबलाच्या मध्यावर आलं. मामांनी सासऱ्यांच्या समोरची खुर्ची पकडली, शेजारी मला बसवलं. पाहुणे जमले. तेवढ्यात सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "भावानं दिलंय, रिकामं कसं ठेवू?" आणि त्यांनी ते काठोकाठ संत्र्यांनी भरलं.

मामा पांढरेफटक पडले. चाळीस वर्षांत त्यांनी हजारो भांडी कापली, पण पेल्याहून मोठं भरलेलं एकही बघितलं नव्हतं. कारखान्यातून भांडी रिकामीच जातात. आता पलीकडे सासरे नव्हतेच. नुसती नारिंगी भिंत.

"खा," मामा दात आवळून मला म्हणाले.

"काय?"

"संत्री! मुकाट्यानं खा!"

आम्ही खाल्ली. मी अकरा, मामांनी सोळा. मामांच्या तोंडात चारच दाढा, पण सुडाला दात लागत नाहीत हे मी त्या दिवशी पाहिलं. सासूबाई खूश. "माझ्या भावाला संत्री इतकी आवडतात, मला माहीतच नव्हतं!" शेवटचं संत्रं निघालं. पलीकडे चोवीस इवलेसे सासरे उजळले. मामांनी तोंड उघडलं, पण ते भरलेलं होतं. तोवर सासऱ्यांनीही पलीकडून भांड्याच्या काचेतून पाहिलं आणि टेबलावर हात आपटून ओरडले, "अगं, इकडे ये! तुझा भाऊ बघ! चोवीस झालेत, नि चोवीसही चरतायत!"

सगळे त्या बाजूला धावले. सगळे हसले. माझी बायकोसुद्धा.

मामांनी सावकाश घास गिळला. रुमालानं तोंड पुसलं. मग फार गोड आवाजात म्हणाले, "भावोजी, या कडेवरून जरा बोट फिरवून बघा ना."

सासऱ्यांनी फिरवलं. "आई गं!" बोटावर लाल थेंब उभा राहिला.

मामा खुर्चीतून उठले. नऊ वर्षं गिळलेलं वाक्य त्यांनी एकेका शब्दावर जोर देत बाहेर काढलं. "साच्यातली काच कापत नाही, भावोजी. हातानं पैलू पाडलेली कापते."

सासऱ्यांनी बोट चोखलं, कड डोळ्यांजवळ नेली, बराच वेळ निरखली. मामा श्वास रोखून उभे होते.

"साचा खराब असणार," सासरे म्हणाले.

त्या भांड्यात सासूबाई आता कपड्यांचे चिमटे ठेवतात.