हॅमरचे एक मीटर सात सेंटिमीटर

मंगळवार, ११ नोव्हेंबर, सकाळी सहा वाजून बावन्न मिनिटे. चार किलोचा हॅमर पिंजऱ्याच्या डाव्या खांबावर आदळला आणि खांब वाकला. मी वहीत नोंदवले : 'फेक क्रमांक ७. अंतर : नाही.'

हॅमर म्हणजे घरातला हातोडा नव्हे. धातूचा गोळा, त्याला तार, तारेच्या टोकाला मूठ. खेळाडू सिमेंटच्या वर्तुळात उभी राहते, स्वतःभोवती गिरक्या घेते आणि हॅमर सोडते. या गिरक्यांना टर्न म्हणतात. चुकीच्या क्षणी सुटलेला गोळा कोणाच्या डोक्यात जाऊ नये म्हणून भोवती जाळीचा पिंजरा असतो. त्या आठवड्यात आम्ही तो भरपूर वापरला.

फेकणारी नसरीन. दारव्ह्याची, वय चोवीस, दोनदा राज्यविजेती. राष्ट्रीय शिबिराची यादी बुधवारी दुपारी बंद होणार होती आणि पात्रता होती साठ मीटर. यादीत नाव आले नाही, तर आमची संस्था तिचे प्रशिक्षण थांबवणार होती.

'आमची' म्हणजे खेळाडू घडवणारी पुण्यातली एक संस्था. मी भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केले, मग बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या हालचालींचे गणित. संस्थेने मला महिन्यापूर्वी दारव्ह्याला पाठवले. सोबत एक लेसर होते, एक लॅपटॉप होता आणि स्वतःविषयीचे माझे उत्तम मत होते.

फेक झाली, की लेसर तिवईवर वर्तुळाच्या मध्यबिंदूवर ठेवायचे. गोळा पडतो तिथपर्यंतचे अंतर ते मोजते. नियमानुसार फेक वर्तुळाच्या कडेपासून धरतात. म्हणून आलेल्या आकड्यातून थोडे अंतर वजा करावे लागते. ती वजाबाकी लॅपटॉपमधली एक्सेल शीट करत असे. शीट मीच बनवली होती.

पहिल्याच दिवशी आकडे आले : ५९.२, ५९.४, ५९.१.

नसरीनचे प्रशिक्षक खंडारे सर निवृत्त पी.टी. शिक्षक. आयुष्यभर पोलादी टेपने मोजत आलेले. ते म्हणाले, "मॅडम, हे पोरगी साठाच्या खाली येतच नाही. माह्या टेपनं पाहा ना एकडाव."

"सर, तुमची टेप जुनी आहे. उन्हाने, ताणाने वाढली असेल."

सर गप्प बसले. एम.एस्सी.समोर लोक गप्प बसतात. आमच्या शिक्षणाचा हा मोठा तोटा आहे.

पुढे मी हिशेब केला. साठ मीटर पोलादी टेप उष्णतेने एक मीटर वाढायची असेल, तर तापमान सुमारे चौदाशे अंशांनी चढावे लागेल. तेवढ्या उष्णतेत टेप वितळायला येते, सर त्याआधीच. शिवाय वाढलेली टेप अंतर कमी दाखवते, जास्त नाही. म्हणजे माझे स्पष्टीकरण आकाराने आणि दिशेने, दोन्हीकडून चूक होते. हा हिशेब करायला मला चार आठवडे लागले.

दरम्यान मी इलाज सुरू केला. नसरीन तीन टर्न घेत असे. मी चौथा सांगितला. जास्त टर्न, जास्त वेग, जास्त अंतर. कागदावर त्यात काही खोट नव्हती.

"ताई, चौथ्या टर्नले डोयापुढं अंधारी येऊन राह्यली."

"सवय होईल."

"मले का हॅमरले?"

मी नोंदवले : 'खेळाडूचा बदलास विरोध.' सोमवारी संध्याकाळी पुण्याला मेल केला : 'कामगिरी खुंटली आहे. शिबिरासाठी शिफारस नाही.' सोबत चार आलेख जोडले.

मंगळवारी तो खांब सरळ करायला नसरीनचे वडील आले. युनूसभाईंचे वेल्डिंगचे दुकान आहे. खांबाला शिव्या घालून झाल्यावर ते चहाची कपबशी घेऊन माझ्या मागे उभे राहिले आणि स्क्रीनकडे पाहू लागले.

"मॅडम, हे दोन पॉइंट एकशे पस्तीस कायचं हाय?"

"वर्तुळाचे माप. एकूण अंतरातून वजा करायचे."

"ते त मले ठाऊक हाय. हे रिंग मीच बनवली. एकवीसशे पस्तीस मिलिमीटर, आरपार." त्यांनी बशीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत बोट फिरवले. "पण तुमी मशीन त मधात ठेवता. मग पुरी रिंग काहून कापता? अर्धी कापा ना."

व्यास आणि त्रिज्या. सातवीचा धडा. मी प्रत्येक फेकीतून एक मीटर सात सेंटिमीटर फुकट कापत होते.

नसरीन माझ्याकडे पाहत होती. "म्हणजे ताई, मी साठावर फेकतच होती?"

"हो."

"अन् चौथा टर्न?"

"त्याची गरज नव्हती."

तिने हॅमर उचलला. युनूसभाई म्हणाले, "जाऊ दे बेटा. मॅडमनं मन लावून चूक केली."

मी पुण्याला संस्थेच्या साहेबांना फोन लावून चूक सांगितली.

"उपकरणात बिघाड होता असे लिहू या का?" त्यांनी विचारले.

"नाही सर. उपकरण निर्दोष आहे. बिघाड माझ्यात होता."

"मग जुने आकडे सुधारून मला चालणार नाहीत. उद्या सकाळी तीन नव्या फेकी. लेसर आणि टेप, दोन्ही. व्हिडिओसह. दुपारी बारापर्यंत."

अडचण अशी, की चार आठवडे चार टर्न घोटून नसरीन तिसऱ्यानंतर हॅमर सोडायचे विसरली होती. माझा इलाज तेवढ्यापुरता यशस्वी ठरला होता.

बुधवारी पहिली फेक जाळीत गेली. दुसरी ५९.६२. तिसरीआधी तिने विचारले, "काही सांगता का ताई?"

"नाही."

"हे चांगलं केलं."

तीन टर्न. हॅमर सुटला तेव्हा ती ओरडली, सर ओरडले, मी लेसर लावले. सरांनी टेप ओढली, वाकून वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. टेपवर ६०.०३. त्रिज्या वजा केल्यावर लेसरवरही ६०.०३. अकरा वाजून वीस मिनिटांनी मेल गेला. नसरीनचे नाव यादीत लागले.

यातून मी एक शिकले : दोन मोजमापे जुळेनात, तर संशय आधी अधिक शिकलेल्या माणसावर घ्यावा. त्याच्या चुका जास्त दिवस टिकतात.

संस्थेच्या मासिक अहवालात एक रकाना असतो : 'तज्ज्ञाच्या साहाय्याने सर्वोत्तम फेकीत झालेला बदल.' मी येण्याआधीची नसरीनची सर्वोत्तम फेक सरांच्या डायरीत होती, ६०.४१. सुधारलेले आकडे चालणार नव्हते, म्हणून नवी ६०.०३. वजाबाकी या वेळी हाताने केली, दोनदा तपासली आणि रकाना भरला : उणे ०.३८ मीटर.