जंगलाले झाडू

जंगलाले कोणी झाडू मारते काय? नमस्काराचं मंग पाहू, आधी हे सांगा.

आज सकाळी कॉलनीमागच्या आपल्या जुन्या बनात गेलती. तिथं आपल्या याच व्हॉट्सअॅप ग्रुपातले लोकं पांढऱ्या टोप्या घालून, फोटो काढत पाला झाडून राह्यले होते. स्वच्छता मोहीम म्हणे! सागा-मोहाच्या पाल्याचा हा मोठा ढीग केला, अन् ग्रुप चालवणारा सचिन खिशातून माचिस काढून राह्यला.

मी सरळ ढिगावर जाऊन बसली.

"आजी, उठा, कचरा हाये तो."

"तुह्या अंगणात पडला तर कचरा. इथं झाडाचं जेवण हाये. पेटव आता, मी बसलीच हावो."

सारे हसले. माचिस खिशात गेली. मंग ज्यानं झाडला त्याच्याच हातानं पाला परत पसरवाले लावला. त्याचा फोटो मात्र कोणी काढला नाही!

माह्या आजेसासूच्याही आधीचं हे बन. शहरात एवढंच उरलं. मोहाचं बी याच पाल्याखाली उगवते. पाला जाळला तर नवं झाड येईन कुठून?

"पुढच्या इतवारी पाहू," म्हणून सचिन गेला. मीही येतो, ढिगावर बसाले.

सचिन, झाडू आणतं का नाही? उत्तर तूच दे. बाकीच्यांनी अंगठे पाठवू नका.