नत्थू कुठं विचारत नाही

दिघोरीचा नत्थू कापगते कोणाला भ्यायचा नाही, पण 'कुठं' या शब्दाला भ्यायचा. ते भय त्याला धंद्यामुळे जडलं होतं. नत्थू सोयरिकी जमवायचा. घरी शेती होती, धान व्हायचं, पण त्याचे पाय काही घरात ठरत नसत. कोणाची पोरगी लग्नाची झाली, कोणाचा पोरगा नोकरीला लागला, कोणता नवरदेव गुपचूप पितो, हे सगळं त्याच्या जिभेवर असे. आणि चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला 'कुठं चालले' असं विचारू नये, हे झाडीपट्टीतलं शेंबडं पोरही जाणतं. विचारलं की काम फिसकटलंच. फार तर 'लांब का?' म्हणावं आणि गप्प बसावं.

कोणी चुकून विचारलंच, तर नत्थू अर्ध्या वाटेवरून घरी परत यायचा, ओट्यावर टेकायचा, गडूभर पाणी प्यायचा, विनाकारण बायकोवर डाफरायचा आणि पुन्हा निघायचा. यापायी त्याच्या कितीतरी बस हुकल्या. बस दुसरी येते, सोयरीक दुसरी येत नाही, हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. कंडक्टरने विचारलेलं मात्र तो धरत नसे. कंडक्टरचं विचारणं पोटासाठी असतं, त्याला दोष नाही.

पंचाहत्तरी उलटली, एसटीचा प्रवास फुकट झाला, आणि नत्थूला रानच मोकळं मिळालं. साकोलीच्या बसस्टँडवर एका बाकावर तिघांची बैठक ठरलेली. एक नत्थू. दुसऱ्या शकुंतलाबाई, तीन पोरी तीन गावांना दिलेल्या आणि आळीपाळीने तिघींकडे फिरणाऱ्या. तिसरा गोमाजी गहाणे, साकोलीतलाच, नत्थूचा तरुणपणापासूनचा दोस्त. गोमाजीला कुठे जायचं नसलं तरी तो यायचा, आणि जायचं असलं तर दोन बस सोडून तिसरीने जायचा. तिघांच्या गप्पा म्हणजे प्रवासाचं नीतिशास्त्रच. खिडकीतून दुपट्टा टाकून जागा धरणं शकुंतलाबाईंना चोरी वाटे, नत्थूला तो हक्क वाटे. त्यावरून दोघांचं जुंपलं की गोमाजी मधेच म्हणायचा, का शेजारचा माणूस आपल्या खांद्यावर झोपला तर त्याला उठवू नये, खांदा कोणाच्या बापाचा झिजत नाही.

त्या दिवशी बाकावर गोमाजी नव्हता.

शकुंतलाबाई सांगत होत्या, का कानात गाण्याची ती बोंडं घातलेल्या एका पोरीने न सांगता उठून त्यांना जागा दिली, आणि इकडे चांगला धोतर-टोपीतला म्हातारा पाय पसरून बसला होता. तेव्हा नव्या पोरांना उगाच नावं ठेवू नये. एरवी नत्थूने यावर तासभर वाद घातला असता. आज तो नुसता हूं हूं करत होता. त्याच्या डोक्यात सकाळपासून विस्तव होता.

झालं होतं असं. सकाळी दिघोरीहून येऊन तो स्टँडवर उतरला, तर समोर फलाटाला दोन बस लागलेल्या. एकीच्या खिडकीत गोमाजी. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी. नत्थूच्या लगेच ध्यानात आलं. गोमाजीची नात गुड्डी लग्नाची होती. नत्थूने तिच्यासाठी मनात दोन जागा हेरून ठेवल्या होत्या, गोमाजी कधी तोंड उघडतो याची वाट पाहत होता. आणि हा पठ्ठ्या टोपी घालून परस्पर पोरगा पाहायला निघालेला. म्हणजे मधे दुसराच कोणीतरी शिरला. इतक्या वर्षांच्या दोस्तीत मले डावललं, हे नत्थूच्या जिव्हारी लागलं.

गोमाजीने त्याच्याकडे पाहिलं होतं. ओठ जरासे हललेही. नत्थूच्या जिभेवर तो शब्द आला, पण त्याने गिळला. राग खरा, पण शुभकामाला निघालेल्याला टोकायचं नाही म्हणजे नाही. त्याने तोंड फिरवलं. इतकं फिरवलं की बसची पाटीसुद्धा वाचली नाही, कारण पाटी वाचणं म्हणजे विचारल्यासारखंच. सुपारी घेऊन तो वळला तोवर दोन्ही बस निघून गेल्या होत्या.

दुपार कलायला लागली तेव्हा रुपा आली. रुपा म्हणजे गोमाजीची सून. तिने स्कुटी बाकाला भिडवूनच उभी केली. मामाजी दिसले का, एवढंच तिने विचारलं, पण तिचा आवाज फाटला होता. दाढी करून येतो म्हणून ते सकाळी घरून गेले होते. न्हाव्याकडे गेलेच नव्हते. देवळात नाहीत, तलावाच्या पाळीवर नाहीत, वावरात नाहीत.

"आज तं आलेच नाही जी," शकुंतलाबाई म्हणाल्या.

पोरगा पाहायला जाताना घरी दाढीचं निमित्त सांगावं लागतं, तेही खुद्द सुनेला, हे नत्थूला पटेना. मग रुपा खाली बसली आणि बोलू नये ते बोलून गेली. मामाजीला मागच्या उन्हाळ्यापासून विसर पडत होता. जेवले तरी जेवायला मागायचे, कैलाशला, म्हणजे पोटच्या पोराला, कधी आपला मेलेला भाऊ समजायचे. डॉक्टरची गोळी सुरू होती. पण गुड्डीला पाहायला पाहुणे यायचे होते, घरात असं काही आहे हे चार लोकांत गेलं तर कोण सोयरीक करणार, म्हणून घरच्यांनी तोंडं शिवली होती. बाकावर बसलेले असतात तोवर काळजी नाही, नत्थू काकाजी आहेत तिथं, असं ती रोज मनाला सांगायची.

नत्थूने सांगावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला होता: कोणती बस? आणि त्याच्या पुढचा: मग थांबवलं काहून नाही? चाळीस वर्षं ज्या रिवाजाने त्याने माणसात मान मिळवला, तो रिवाज आता सुनेपुढे काय म्हणून सांगायचा? लाज वाटली, भय वाटलं, आणि तो गप्प राहिला. रुपाने डोळे पुसले, स्कुटी वळवली. ती फाटकापर्यंत गेलीसुद्धा.

"पोरी, थांब," नत्थू ओरडला. "मी पाहिलं त्याले. बसमंधी."

रुपा पळत आली. कोणत्या बसमध्ये, या प्रश्नावर नत्थूने एवढंच सांगितलं, का पाटी वाचली नाही. शकुंतलाबाईंना काय ते कळलं. त्या इतकंच म्हणाल्या, का नत्थूभाऊ, तुमच्या त्या रिवाजाले आग लागो. आयुष्यात पहिल्यांदा नत्थूला त्यांच्याशी भांडावंसं वाटलं नाही.

चौकशीच्या खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, सकाळी त्या वेळेला एक पवनीची लागली होती, एक नाकाडोंगरीची. एक खाली, एक वर, दोन्हींची तोंडं विरुद्ध दिशांना. पवनीचा कंडक्टर फोनवर मिळाला, असा कोणी म्हातारा नव्हता म्हणाला. नाकाडोंगरीच्या गाडीवरच्याचा फोन लागेना. कैलाश पिकअपमधली धानाची पोती रस्त्यावरच उतरवून गाडी घेऊन आला. रुपा घरी थांबली, म्हातारा परतलाच तर कोणी पाहिजे. नत्थू न विचारता पुढच्या सीटवर चढून बसला.

नाकाडोंगरीच्या वाटेवर तुमसरपर्यंत कैलाश एक शब्द बोलला नाही. शिवी दिली असती तर नत्थूला बरं वाटलं असतं. प्रत्येक थांब्यावर गाडी हळू व्हायची, नत्थू टोप्या पाहायचा, गाडी पुन्हा वेग घ्यायची. तुमसर सोडलं आणि रुपाचा फोन आला. कंडक्टर सापडला होता. हो, टोपीवाला एक बाबा होता. कुठं जायचं म्हणून विचारलं तर म्हणाला, जाते तिथवर. त्याने शेवटच्या थांब्याचं फुकटचं तिकीट फाडलं, बाबा तिथं उतरला, गाडी परत फिरली. पुढचं त्याला माहीत नव्हतं.

"तिथून पुढे जंगल आहे," कैलाश म्हणाला. नत्थूशी बोललेलं त्याचं पहिलं वाक्य.

जंगल आहे, खाणीचे खड्डे आहेत, हे नत्थूलाही माहीत होतं. हिवाळ्याचा दिवस, ऊन झाडांच्या शेंड्यावर गेलेलं. गोमाजीच्या अंगात स्वेटरही नव्हता. नत्थूने आजवर देवाला दुसऱ्यांच्या पोरींसाठी हात जोडले होते. आज त्याने स्वतःसाठी जोडले, गोमाजी जिता दाखव म्हणून.

नाकाडोंगरीच्या थांब्यावर कोणी नव्हतं. चहाच्या टपरीवाल्याने बोट दाखवलं. बाबा जंगलाच्या बाजूला चालत गेला होता, बऱ्याच वेळेचा. कैलाशने गाडी तिकडे घातली. गाव संपलं, सागाची झाडं सुरू झाली, उजेड कमी झाला. एका वळणावर नत्थूने कैलाशचा हात धरला. रस्त्याच्या कडेला, मुरमाच्या ढिगावर, पाय जवळ घेऊन गोमाजी बसला होता. टोपी डोक्यावर नीट होती. धोतर गुडघ्याला फाटलं होतं, एक टाच रक्ताळली होती.

कैलाशने गाडीतलं रिकामं पोतं काढून बापाला पांघरलं आणि रडूच लागला. गोमाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला, तो कोण हे कळलं की नाही कोण जाणे. नत्थू शेजारी टेकला. सुटकेच्या मागोमाग त्याला राग आला. गोमाजीवरच.

"गोमा, तू बसमधून मले पाहिलं होतं ना? हाक काहून नाही मारली?"

गोमाजीने त्याला चांगलं निरखलं. ओळखलं त्याने.

"बसमंधी बसलो अन् मले समजेचना का मी कुठी चाललो," तो म्हणाला. "उतराले निघालो, तं तू दिसला. तू पाहिलं माह्याकडं अन् काही इचारलं नाही. मले वाटलं, नत्थूले माहीत आहे मी कुठी चाललो ते. तुले माहीत आहे म्हंजे बरोबरच असंल. म्हून बसून राहिलो मंग."

कैलाशने गाडी चालू करून दोघांना हाक मारली. गोमाजी उठला. नत्थूला उठता येईना, तेव्हा गोमाजीनेच त्याला हात दिला.